एका नरकासुरापासून दुसऱ्यापर्यंत

३१ ऑक्टोबर २०२४, पहाटेचे साडेचार. वाड्यावरच्या पोरांनी पंधरा दिवस जागून उभा केलेला नरकासुर धडाधड पेटला होता आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज धरून उभी होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात. आत गवत, कागद, चिंध्या आणि पोटात फटाके. मुलांना मजा, आणि माझ्यासारखीला वर्षातली सगळ्यात वाईट पहाट. दम्याच्या झटक्यात घ्यायच्या निळ्या पंपाचे आठ-दहा फवारे मारूनही श्वास आत जाईना. नवऱ्याने गाडी काढली. इस्पितळात बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८८ दिसला. वाफ, शिरेतून स्टिरॉइड, तीन रात्री. घरी परतले तेव्हा ताटातले फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, वातड होऊन गेले होते.

त्या वर्षातला हा चौथा झटका. माझं वय ४४, दमा सात वर्षांची असल्यापासून. डिचोलीत वाढले, खाणीच्या ट्रकांची लाल धूळ घरातल्या देवांवरही बसायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांना मनापासून वाटलं होतं की आता पोरीचा दमा जाईल. तो कुठेही गेला नाही. पतसंस्थेत हिशेबाच्या टेबलावर बसते, तिथेही पावसाळ्यात जुन्या वह्यांच्या कपाटाला बुरशीचा वास येतो. मधल्या वर्षांत सगळ्यांनी सगळं सुचवून झालं होतं. मावशी तर मृगाच्या माशाचा प्रसाद घ्यायला हैदराबादला नेणार होती. मी मासे खाते, पण जिवंत मासा गिळायचा म्हटल्यावर नको म्हटलं.

हे सगळं लिहितेय कारण पुढच्या वर्षभरात मी ज्या वाटेने गेले, ती सुरुवातीला कुणी सांगितली असती तर निदान तीन महिने वाचले असते.

१८ नोव्हेंबरला पणजीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. गोड माणूस. फाईल उघडायच्या आधीच म्हणाले, "किदें गो बाय, स्टिरॉइड कितें खाऊ कशें खातां?" (काय गं बाई, स्टिरॉइड खाऊसारखं खातेस?) खरंच तसंच चाललं होतं. झटका आला की आमच्या गावच्या डॉक्टरांकडे जायचं, पाच-सात दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या, बरं वाटायचं. वर्षात चार वेळा. त्या गोळ्यांनी झोप उडते, चेहरा सुजतो, साखर वर चढते, हाडं पोकळ होत जातात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हाडांची घनता तपासायला सांगितली तेव्हा मी चपापले. ती सीमारेषेवर निघाली.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. खाजन शेत, बांध, आणि मानस. माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे पटकन कळलं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मानशीची दारं असतात. दार बिघडलं की पाणी आत येतं, मग तुम्ही कितीही उपसा. हे पाणी म्हणजे श्वासनळ्यांतली सूज. "निळा पंप म्हणजे पाण्यात पाय बुडू नयेत म्हणून टाकलेली फळी," ते म्हणाले. रोजचा स्टिरॉइडचा पंप म्हणजे उपसा, तो लागतोच. पण काहींच्या बाबतीत पाणी इतकं येतं की दारच बंद करावं लागतं. आणि दारं एकाहून जास्त आहेत. एक आयजीई नावाच्या रक्तातल्या प्रथिनाचं, अ‍ॅलर्जीवाल्यांचं. एक इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या आयएल-५ या निरोप्याचं. एक आयएल-४ आणि आयएल-१३चं. आणि सगळ्यांच्या वर, नदीच्या तोंडाशी, टीएसएलपी नावाच्या निरोप्याचं. प्रत्येक दारासाठी वेगळं इंजेक्शन निघालंय. सगळ्यात जुनं ओमालिझुमॅब, अमेरिकेत २००३ पासून. मग २०१५ मध्ये मेपोलिझुमॅब, २०१७ मध्ये बेनरालिझुमॅब, २०१८ मध्ये दम्यासाठी ड्युपिलुमॅब, २०२१च्या शेवटी टेझेपेलुमॅब.

"मला कुठलं?" मी विचारलं.

"आधी तुझं दार कुठलं मोडलंय ते बघूया."

त्या बघण्यात अख्खा डिसेंबर गेला. त्यातल्या चुका सांगते, म्हणजे तुमच्या होणार नाहीत. इओसिनोफिलची रक्ततपासणी मी उत्साहाने नोव्हेंबरातच करून घेतली होती, आकडा आला ६०. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. स्टिरॉइडच्या गोळ्या या पेशी दडपून टाकतात, त्यामुळे गोळ्या संपल्यावर निदान चार आठवडे थांबून तपासायचं. डिसेंबरात तोच आकडा ४२० आला. दुसरी चूक त्वचेवरच्या अ‍ॅलर्जीच्या चाचणीची. आदल्या आठवड्यात शिंका येत होत्या म्हणून सेटिरिझिन घेतली होती. चाचणी करणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि परत पाठवलं, आठवडाभर कुठलीही सर्दीची गोळी नको. बसभाडं आणि अर्ध्या दिवसाची रजा पाण्यात. दुसऱ्या खेपेला हातावर एकामागून एक गांधी उठल्या. गादीतले धूळकिडे, झुरळ, बुरशी. नळीत सावकाश फुंकून नायट्रिक ऑक्साइड मोजायची चाचणीही झाली, ६४ आला. मोठ्यांमध्ये ५०च्या वर म्हणजे जास्त. आयजीई २१२. शिवाय स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी. या सगळ्याला मिळून माझे आठ हजारांच्या आत गेले. यातल्या बऱ्याच तपासण्या बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, करता येतात, रांगेत उभं राहायची तयारी हवी. मला रजा मिळत नव्हती म्हणून मी खाजगीत गेले.

याच सुमारास, नोव्हेंबरच्या शेवटी, पुण्याच्या आतेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली: दम्याच्या झटक्यावर ५० वर्षांत पहिला नवा उपचार. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नेतृत्वाखाली झालेली चाचणी, १५८ रुग्ण. झटका आलेल्यांपैकी काहींना नुसत्या नेहमीच्या गोळ्या दिल्या, काहींना गोळ्यांऐवजी आणि काहींना गोळ्यांसोबत बेनरालिझुमॅबचं एक इंजेक्शन. ९० दिवसांत नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचा उपचार फसला, इंजेक्शनवाल्यांमध्ये ४५ टक्के. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून हेच मागितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, औषध जुनंच आहे, झटक्याच्या वेळी वापरून बघणं नवं. ही दुसऱ्या टप्प्याची चाचणी आहे, आणि तीही इओसिनोफिल वाढलेल्यांपुरती. बातमीत पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात होतं, हे दुसरं कुठे तरी खाली. पुढे त्यांनीच विचारलं, "बेळगावात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. जाशील?"

औषधाचं नाव लिहीत नाही, तशी कागदावर सही आहे. नवं औषध, शिवाय फुकट, एवढ्यावरच मी हो म्हटलं.

२१ जानेवारी २०२५. श्वासाच्या तपासणीआधी बारा तास रोजचा पंप घ्यायचा नाही, असं सांगितलं होतं. म्हणजे साखळी, केरी करत चोर्ला घाटाची वळणं मी पंपाविना चढले. निळा पंप मुठीत घट्ट धरून बसले होते, वेळ आली तर घेण्याची परवानगी होती. वेळ आली नाही, पण घामाने तळहात ओला झाला. सोबत कुणाला तरी न्याच.

तिथे संमतीपत्र हातात आलं, मराठीत, २६ पानं. ते मराठी वाचून मला शाळेतल्या बीजगणिताची आठवण झाली. "यादृच्छिकीकरण" या शब्दावर मी अडकले. समन्वयक मुलगी बेळगावची होती, तिने एका वाक्यात सोडवलं: "चिठ्ठी टाकून ठरतं हो ताई, तुम्हाला खरं औषध मिळणार की नुसतं पाणी. मलाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही." नुसतं पाणी मिळालं तरी नेहमीचे पंप चालूच राहतात, हे तिने दोनदा सांगितलं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचा नियम आहे, २०१९च्या नियमावलीत तो स्पष्ट आहे. नीतिमत्ता समितीचा फोन नंबर शेवटच्या पानावर असतो. येण्याजाण्याचा खर्च मिळतो. मला विचारायला संकोच वाटला होता, तिनेच पाकीट काढलं. आणि ४४ वर्षांच्या बाईची गरोदरपणाची चाचणी होते, संततिनियमनाबद्दल प्रश्न विचारले जातात. नवरा बाहेर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता.

सही त्या दिवशी केली नाही. कागद घरी नेता येतो, न्यावाच. घरी येऊन आयसीएमआरच्या नोंदणी संकेतस्थळावर, सीटीआरआयवर, त्या चाचणीचा नंबर टाकून पाहिला. भारतात होणारी प्रत्येक औषधचाचणी तिथे नोंदवावी लागते आणि कुणालाही फुकट बघता येते. कुठली केंद्रं, किती रुग्ण, कोणाला घेणार, कोणाला नाही, सगळं होतं. इंग्रजीत आहे, पण मुलाने वाचून दाखवलं. मग झोप लागली.

४ फेब्रुवारीला सही केली आणि पुढच्या तपासण्या झाल्या. स्पायरोमेट्री आधी एकदा, मग चार फवारे देऊन पुन्हा. श्वास १८ टक्क्यांनी सुधारला, ३१० मिलिलिटर. १२ टक्के आणि २०० मिलिलिटर पुरतात म्हणे. मी पास झाल्याच्या आनंदात असतानाच समन्वयक म्हणाली, "ताई, तुमचा पंप घेऊन दाखवा बघू."

मी घेतला. ती गप्प. मग म्हणाली, "परत एकदा."

गेली एकोणीस वर्षं मी गरम चहाचा भुरका मारावा तसा पंप ओढत होते. फवाऱ्याचा पंप असा झटक्यात ओढला की औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतं. तिने स्पेसर लावला, तो प्लास्टिकचा फुगीर डबा. आधी श्वास पूर्ण सोडायचा, एक फवारा, चार-पाच सेकंद सावकाश आत, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. नंतर चूळ भरायची. पावडरच्या कॅप्सूलचा पंप असेल तर याच्या उलट, जोरात आणि खोल ओढायचा. इतक्या डॉक्टरांनी मला पंप लिहून दिला, मी कुणालाच घेऊन दाखवला नव्हता आणि कुणी दाखव म्हटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी घाट उतरताना मला रडू आलं. कशाचं ते नवऱ्याला सांगता येईना.

१८ फेब्रुवारीला फोन आला. मी चाचणीत बसत नव्हते. आकडे सगळे जमले होते, अडलं ते कागदावर. गेल्या बारा महिन्यांत स्टिरॉइड लागलेले किमान दोन झटके, आणि तेही कागदोपत्री. माझ्याकडे होती एकच डिस्चार्ज समरी, नरकासुराची. बाकीचे तीन झटके गावच्या डॉक्टरांच्या बोटभर चिठ्ठ्यांवर झाले होते आणि त्या चिठ्ठ्या मी औषधाच्या दुकानातच टाकून यायची. दोन दिवसांची मुदत मिळाली. औषधवाल्याने बिचाऱ्याने संगणकात शोध शोध शोधलं. एक बिल सापडलं, ऑगस्टचं, प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे त्याच स्टिरॉइडच्या गोळ्या, तारीख बरोबर. नाव नवऱ्याचं! औषध आणायला तो गेला होता, दुकानदाराने नाव विचारलं, त्याने स्वतःचं सांगितलं.

दुसऱ्या कुणाच्या नावाचं बिल चाचणीत चालत नाही. त्यांचंही बरोबरच आहे. पण दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. सासूबाईंनी एक जुनी फाईल आणून पुढ्यात ठेवली, त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळची, "यात घालत जा" म्हणून. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक बिल, माझ्याच नावाचं, तारखेप्रमाणे.

पणजीचे डॉक्टर निराश झाले नाहीत. उलट म्हणाले, आता महिनाभर फक्त पंप नीट घे, बघूया. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर घरी घेतला, रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत आकडा. १९० वर असलेली मी तीन आठवड्यांत २४०ला आले, एका पैशाचंही नवं औषध न घेता. गादी-उशांना धूळकिड्यांच्या खोळी घातल्या. तरी आकडा २४०वर अडकून बसला आणि आठवड्यात तीनदा पहाटे तीनला जाग येणं थांबलं नाही. तेव्हा ओमालिझुमॅबचं ठरलं. लहानपणापासूनची अ‍ॅलर्जी, वर्षभर घरात असणारे धूळकिडे, आयजीई बसणारं, आणि बाकीच्यांपेक्षा खर्च त्यातल्या त्यात आवाक्यातला. आधी जंतांची गोळी आणि शौचाची तपासणी झाली, कारण आयजीई शरीरात जंतांशी लढायचं कामही करतं.

डोस वजन आणि आयजीई यांच्या तक्त्यावरून ठरतो. माझं वजन ५८, म्हणून ३०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. ६०च्या पुढे गेले असते तर तक्त्यात पुढच्या रकान्यात गेले असते आणि खर्चही वाढला असता. आंब्याच्या दिवसांत हे लक्षात ठेवणं सोपं नव्हतं.

पहिलं इंजेक्शन २४ मार्चला. औषध पणजीच्या दुकानात आगाऊ सांगून मागवावं लागतं, माझ्या वेळी चार दिवस लागले. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं, गोठायला नको. मी बर्फाच्या पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर कुप्या असा डबा करून न्यायची. कदंबच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कितें, इसवण?" डबा मासळीचाच वाटत होता. कुपीतली पावडर विरघळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हलवायची नाही, नुसती फिरवायची. द्रव दाट असतो, सुई सावकाश आत जाते, दोन्ही दंडांत एकेक. दुखतं, पण लशीएवढंच. पहिल्या तीन वेळा दोन तास बसवून ठेवतात, क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते म्हणून. पुढे अर्धा तास. पुस्तक न्या.

पहिल्या महिन्यात काहीही फरक नाही. दुसऱ्यात नाही म्हटलं तरी चालेल. मी गुपचूप पैसे मोजत होते. सोळा आठवड्यांनी ठरवायचं असतं की उपयोग होतोय की बंद करायचं, आणि तोपर्यंत आमचे दीड लाखाच्या आसपास गेले होते. जूनमध्ये, मुसळधार पावसात, एका सकाळी लक्षात आलं की गेले दहा दिवस मी पहाटे उठलेलीच नाही. १४ जुलैला पीक फ्लो ३२०.

जुलैत आणखी एक घोळ केला. हौसेने आयजीई पुन्हा तपासलं, आता कमी झालं असेल म्हणून. आलं ६४०. रात्रभर तळमळले. सकाळी डॉक्टर म्हणाले, औषध आयजीईला चिकटून बसतं, ती जोडी रक्तात जास्त काळ फिरते, म्हणून आकडा वाढतोच. औषध सुरू केल्यावर हा आकडा बघायचा नाही. बंद केल्यावरही वर्षभर नाही.

विम्याचं थोडक्यात. पॉलिसी २०१७ची, दमा जाहीर केलेला. पहिला दावा नाकारला, बाह्यरुग्ण उपचार म्हणून. मग कळलं की विमा नियामकाच्या बारा आधुनिक उपचारांच्या यादीत इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, ओमालिझुमॅब त्याच जातीचं (आणि श्वासनलिकेला उष्णता देण्याची ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टीसुद्धा). त्या यादीचा हवाला, इस्पितळाचं डे-केअरचं पत्र, गेल्या वर्षातला खर्च आणि भरती, असं सगळं जोडून पुन्हा अर्ज केला. मिळाले, निम्म्याहून थोडे कमी, ७१ दिवसांनी. कंपन्यांना या उपचारांवर मर्यादा घालता येते, आपल्या पॉलिसीत ती किती हे आधी वाचा. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लिहा, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे.

नव्या बातम्या अजूनही वाचते, पण आता आधी शोधते की चाचणी कुठल्या दम्याची आहे. वर्षातून दोनदाच घ्यायचं डेपेमोकिमॅब नावाचं इंजेक्शन आहे, २०२४ मध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या, दोन्ही मिळून झटके निम्म्याहून जास्त घटले. तेही इओसिनोफिलवाल्यांसाठी. माझा ४२० आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आता बरी आहेस ना? मग कित्याक उडकी मारतां?" (मग उड्या कशाला मारतेस?) खरं आहे. पण दर चार आठवड्यांनी बर्फाचा डबा घेऊन पणजीला जाणारीला वर्षातून दोनदा हे शब्द गोड लागतातच.

२० ऑक्टोबर २०२५, पुन्हा नरकासुर. पोरांना या वेळी मैदानाच्या पलीकडे जाळायला सांगितलं होतं, त्यांनी अर्धंच ऐकलं. खिडक्या बंद, दाराच्या फटीत ओला पंचा. कारीट फोडलं, मुलाला ओवाळलं, पाच तऱ्हेचे फोव केले आणि गरम असताना खाल्ले. धूर आलाच थोडा. निळा पंप दोनदा लागला, स्पेसर लावून. साडेसहाला पीक फ्लो ३१०. वहीत लिहिलं आणि पुढचं इंजेक्शन ३ नोव्हेंबरला म्हणून औषधवाल्याला फोन करायची आठवण लिहून ठेवली.